चढाई आणि वर्गणी : गिर्यारोहणातून निधी उभारण्याच्या पद्धतीचा आढावा

एखाद्या सामाजिक कामासाठी डोंगर चढायचा आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या माणसांकडून देणग्या मिळवायच्या, ही पद्धत गेल्या काही दशकांत जगभर रुजली आहे. त्यामागचे काम कर्करोग रुग्णालयाचे असते, गावातल्या शाळेचे असते, अखेरच्या दिवसांतील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्राचे असते किंवा जखमी सैनिकांच्या संघटनेचे असते. चढणारा बहुधा हौशी असतो. देणारे त्याचे नातेवाईक, शेजारी आणि कचेरीतले सहकारी असतात. शिखर मात्र पुष्कळदा कामापासून हजारो किलोमीटर दूर असते. टांझानियातल्या किलिमांजारोवरच्या चढाईतून इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावाच्या शुश्रूषा केंद्राला पैसे मिळतात ते असे. या व्यवहारात तीन प्रश्न कायम राहतात : लोक पैसे का देतात, त्यांपैकी कामापर्यंत किती पोचतात आणि चढाईचे ओझे प्रत्यक्षात कोण वाहतो.

तीन वेगळे व्यवहार

गिर्यारोहण आणि देणगी यांचा संबंध तीन प्रकारे येतो आणि बोलताना हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळले जातात.

पहिला प्रकार म्हणजे चढाईसाठी निधी. मोठी मोहीम खर्चिक असते आणि तो खर्च गिर्यारोहकाच्या खिशाला झेपत नाही. १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे चित्रीकरणाचे हक्क छायाचित्रकार जॉन नोएल यांनी ८,००० पौंडांना विकत घेतले होते आणि मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार त्यातून हलका झाला होता. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी कंपन्या, देणगीदार आणि सामान्य नागरिक यांच्याकडे मदत मागितली, तीही याच प्रकारातली. येथे चढाई हेच काम असते आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

दुसरा प्रकार चढाईनंतरच्या निधीचा. एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्या प्रसिद्धीचा उपयोग हिलरी यांनी पुढची अर्धी हयात सोलुखुंबू भागातल्या शेर्पा गावांसाठी केला. १९६० मध्ये ‘हिमालयन ट्रस्ट’ सुरू झाला, १९६१ मध्ये खुमजुंग गावात शाळा उभी राहिली, १९६४ मध्ये लुक्लाची धावपट्टी तयार झाली आणि १९६६ मध्ये खुंदे येथे रुग्णालय सुरू झाले. त्यानंतर दोन डझनांहून अधिक शाळा बांधल्या गेल्या. हे पैसे कोणत्याही एका चढाईच्या निमित्ताने आले नाहीत. ते वर्षानुवर्षे केलेल्या व्याख्यानांतून, पत्रव्यवहारातून आणि देशोदेशी जमवलेल्या स्नेहीमंडळींतून आले.

तिसरा प्रकार चढाईतून निधीचा. यात चढाई हेच देणगी मागण्याचे निमित्त असते. शिखर आधी कोणी सर केलेले नसावे अशी अट नसते आणि विक्रमाचीही गरज नसते. हजारो लोक चढून गेलेली वाट पुन्हा चढली जाते, फक्त या वेळी तिच्यावर कुणाचा तरी ओळखीचा माणूस असतो. या लेखाचा विषय मुख्यतः हा तिसरा प्रकार आहे.

उगम आणि प्रसार

चढाईतून निधीची मुळे पायी चालण्याच्या उपक्रमांत आहेत. चालणाऱ्याने दर मैलामागे ठरावीक रक्कम देणारे लोक आधी गाठायचे, चालून झाले की कागद घेऊन त्यांच्या दारी जायचे आणि वसुली करायची, अशी ही साधी रीत १९६० च्या दशकात इंग्रजीभाषक देशांत पसरली. कॅनडात देशाच्या शताब्दीच्या वर्षी, १९६७ मध्ये, ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने अशा पदयात्रा निघू लागल्या आणि त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने चालली.

डोंगराशी या रीतीची गाठ पडण्याचे ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथील ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा तुकडीने १९८१ मध्ये सराव म्हणून १०० किलोमीटरच्या मॅकलेहोस वाटेवर चालण्याचा उपक्रम सुरू केला. डोंगरांच्या धारेवरून जाणारी ही वाट ९५७ मीटर उंचीच्या ताय मो शानवरून जाते. १९८६ पासून नागरिकांनाही त्यात भाग घेता येऊ लागला, ऑक्सफॅम ही संस्था त्याच्याशी जोडली गेली आणि ‘ट्रेलवॉकर’ या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. चार जणांचा संघ, ठरावीक वेळ आणि प्रत्येक संघावर देणगीचे किमान उद्दिष्ट, ही त्याची चौकट पुढच्या कितीतरी उपक्रमांनी उचलली.

१९९५ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या १७ स्त्रियांचा संघ दक्षिण अमेरिकेतल्या ६,९६१ मीटर उंचीच्या अकोन्काग्वावर गेला. त्या काळी या आजाराबद्दल चारचौघांत बोलणेही अवघड होते. संशोधनासाठी पैसे गोळा करताना रुग्ण स्त्रियाच चढाई करताना दिसल्या, त्यामुळे देणगीचे आवाहन आणि आजाराविषयीचे लोकशिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या. पुढे अमेरिकेत याच कामासाठी डेनाली आणि शास्ता या पर्वतांवरही संघ गेले.

प्रसाराला खरा वेग आला तो इंटरनेटवरून देणगी देण्याची सोय झाल्यावर. ब्रिटनमध्ये ‘जस्टगिव्हिंग’ हे अशा देणग्यांचे संकेतस्थळ २००० मध्ये स्थापन झाले. दारोदार वसुलीची गरज उरली नाही आणि कोणी किती दिले हे सर्वांना दिसू लागले. मार्च २००९ मध्ये ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय संस्थेसाठी गॅरी बार्लो, चेरिल कोल, रोनन कीटिंग यांच्यासह नऊ प्रसिद्ध कलावंत आणि निवेदक किलिमांजारोवर चढले. बीबीसीने ती चढाई दाखवली आणि आफ्रिकेतल्या हिवतापाविरुद्धच्या कामासाठी ३० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यानंतर किलिमांजारो आणि धर्मादाय चढाई ही जोडी ब्रिटनमध्ये पक्की झाली.

लोक पैसे का देतात

वरवर पाहता हा व्यवहार विचित्र आहे. देणगीदाराला काम महत्त्वाचे वाटत असेल तर तो थेट देऊ शकतो. मधे डोंगर कशाला हवा? मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शाफिर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे एक उत्तर आहे. निधीसाठी कष्टाचे आणि वेदनेचे काम करायचे असेल, तर सहलीसारख्या सुखाच्या कार्यक्रमापेक्षा लोक अधिक द्यायला तयार होतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. कष्टामुळे देण्याला अर्थ येतो. भुकेलेल्यांना मदत करण्यासारख्या माणसांच्या दुःखाशी जोडलेल्या कामात हा परिणाम जास्त दिसला. सार्वजनिक बागेसारख्या सुखसोयीच्या कामात तो कमी होता. भारतीय वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. पायी वारी, अनवाणी चालून फेडलेला नवस, दंडवत घालत केलेली प्रदक्षिणा यांमागेही कष्टाने कामाचे मोल वाढते अशीच धारणा आहे.

दुसरे उत्तर सामाजिक आहे. सारा स्मिथ, फ्रँक विंडमायर आणि एडमंड राइट या अर्थतज्ज्ञांनी लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या इंटरनेटवरील देणगी-पानांचा अभ्यास केला. आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली की पुढचा माणूस सुमारे अडीच पौंड जास्त देतो, असे त्यांना आढळले. म्हणजे देणारा आधीची यादी वाचतो, आपल्या बरोबरीच्या माणसाने किती घातले ते पाहतो आणि मग आकडा ठरवतो. गणपतीच्या वर्गणीचे पुस्तक हातात घेणारा गृहस्थही वरची दोन-चार नावे चाळूनच रक्कम लिहितो. म्हणूनच अनुभवी निधिसंकलक पहिल्या चार-पाच देणग्या भरीव रकमेच्या मिळवतात आणि मगच पान सर्वांना पाठवतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डोंगराची उंची आणि जमलेली रक्कम यांचा थेट संबंध नाही. २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडमधले निवृत्त सैनिक कॅप्टन टॉम मूर यांनी वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर चालण्याच्या चौकटीचा आधार घेऊन आपल्या अंगणात १०० फेऱ्या मारायचे ठरवले. उद्दिष्ट १,००० पौंडांचे होते. जमले ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या उत्तरेकडील नव्वदीच्या एका आजींनी घरातला जिना २८२ वेळा चढून सुईल्व्हेन या ७३१ मीटर उंचीच्या डोंगराएवढी चढण पुरी केली आणि रुग्णसेवेसाठी ४ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून १९७५ मध्ये माथा गाठणारे डग स्कॉट २०२० मध्ये असाध्य आजाराने घरीच होते. त्यांनी १९७५ चाच पोशाख अंगात चढवला आणि नेपाळमधल्या गावांसाठी काम करणाऱ्या आपल्या ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन नेपाळ’ संस्थेसाठी घरातला जिना चढून निधी मिळवला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. या तिन्ही प्रसंगांत शिखर नव्हतेच. चढणाऱ्याला ती चढण किती जड जाणार आहे, हे देणाऱ्याला कळले होते.

पैशाचा हिशेब

चढाईचा खर्च कोण उचलतो, यावर या उपक्रमाची नैतिक बाजू अवलंबून असते. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत चढणारा प्रवास, परवाने, गाईड, विमा आणि साहित्य यांचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करतो आणि देणगीचा रुपयान् रुपया कामाला जातो. दुसरीत तो थोडे नोंदणी शुल्क भरतो, किमान देणगीचे उद्दिष्ट स्वीकारतो आणि जमलेल्या रकमेतूनच संस्था त्याच्या सहलीचा खर्च भागवते.

दुसऱ्या पद्धतीतला फरक आकड्यांत मांडला की लक्षात येतो. समजा, एका व्यक्तीने ४ लाख रुपये जमवले आणि तिच्या चढाईचा खर्च अडीच लाख आला. कामाला दीड लाख मिळाले. पाचशे रुपये देणाऱ्या शेजाऱ्याच्या पैशांतले तीनशेहून अधिक रुपये विमानाच्या तिकिटात, परवान्यात आणि तंबूत गेले. संस्थेच्या बाजूने उत्तर असे, की हे दीड लाख एरवी आलेच नसते, नवे देणगीदार जोडले गेले आणि चढून आलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे संस्थेचा कार्यकर्ता होतो. हे उत्तर खोटे नाही. मात्र देणाऱ्याला हा हिशेब आधी सांगितलेला असला, तरच ते टिकते.

ब्रिटनच्या करव्यवस्थेने हा भेद नियमांत आणला आहे. तेथे ‘गिफ्ट एड’ योजनेखाली करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. परंतु चढणाऱ्याच्या सहलीचा खर्च संस्था करत असेल, तर त्याच्या स्वतःच्या आणि आईवडील, जोडीदार, मुले अशा जवळच्या नात्यातल्यांच्या देणग्यांना हा लाभ सहसा मिळत नाही. घरातल्या माणसाची सहल देणगीच्या नावाखाली करसवलतीत बसू नये, हा त्यामागचा हेतू.

किलिमांजारो : एक नमुना

धर्मादाय चढाईसाठी ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो इतका लोकप्रिय होण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. तो आफ्रिकेतला सर्वांत उंच पर्वत आहे, त्यामुळे नाव सांगताच देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहते. नेहमीच्या वाटांवर दोर आणि गिर्यारोहणाचे तंत्र लागत नाही. पाच ते नऊ दिवसांत चढाई होते, म्हणजे नोकरदाराच्या रजेत बसते. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार परवानाधारक गाईड सक्तीचा आहे, त्यामुळे नवख्यालाही वाट दाखवणारा मिळतो.

पण हीच सोय फसवी ठरते. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा डोंगरी वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला आहे. माचामे वाटेवर पहिला मुक्काम सुमारे ३,००० मीटरवर, दुसरा ३,८०० च्या आसपास आणि शेवटचा बराफू तळ सुमारे ४,६७० मीटरवर असतो. सहा दिवसांच्या कार्यक्रमात तो सल्ला पाळला जात नाही. बराफूहून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे, डोक्यावरच्या दिव्याच्या प्रकाशात मुरमाड चढावर तासन् तास पाय ओढायचे, पहाटे ५,७५६ मीटरवरच्या स्टेला पॉइंटला विवराची कड गाठायची आणि तेथून उहुरू शिखर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची सौम्य लक्षणे. फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे ही जिवावरची. उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

निधीसाठी चढणाऱ्यावर येथे एक जादा दडपण असते. दोनशे लोकांनी पैसे दिलेले आहेत, शिखरावरचा फोटो सगळ्यांना पाठवायचे कबूल केलेले आहे, मग उतरायचे कसे? या दडपणाखाली लक्षणे लपवली जातात. शिस्तीच्या संस्था म्हणूनच देणगीला शिखराची अट जोडत नाहीत, एक-दोन दिवस जास्तीचे कार्यक्रम निवडतात आणि परत फिरण्याचा निर्णय गाईडचा असेल हे आधीच लिहून घेतात.

वेळ वाचवण्याचा मोह एव्हरेस्टवरही पोचला आहे. मे २०२५ मध्ये चार माजी ब्रिटिश सैनिक, त्यांत त्या वेळचे ब्रिटनचे माजी सैनिकांच्या कल्याणाचे मंत्री अ‍ॅल कार्न्स, माजी सैनिकांच्या संस्थांसाठी निधी उभारताना लंडनहून निघून आठवड्याच्या आत माथ्यावर पोचले. तयारीत त्यांनी झेनॉन वायू घेतला होता. झेनॉनमुळे उंचीवरची कामगिरी सुधारते याला पुरावा नाही आणि त्याचा चुकीचा वापर धोक्याचा ठरू शकतो, असे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने त्याच वर्षी जानेवारीत स्पष्ट केले होते. निधीचे काम चांगले असले तरी त्याने वैद्यकीय वाद मिटत नाही.

ओझे वाहणारे

किलिमांजारोवरच्या एका चढणाऱ्यामागे साधारण तीन-चार माणसे काम करतात : गाईड, स्वयंपाकी आणि पोर्टर. तंबू, गॅसच्या टाक्या, भाजीपाला, खुर्च्या, पाणी आणि पाहुण्यांच्या पिशव्या हे सगळे पोर्टर डोक्यावर आणि पाठीवर नेतात. पाहुण्यांच्या मागून निघून ते आधी तळ गाठतात आणि तंबू उभारून ठेवतात. उद्यानाच्या दारात सकाळी सामान काट्यावर चढते. कंपनीचे सामान माणशी २० किलोंच्या आत असावे, हा नियम तेथे पाहिला जातो. जड भरलेली पिशवी उघडून दुसऱ्याच्या ओझ्यात वाटली जाते.

कमी दराने सहल विकणाऱ्या कंपन्या कात्री लावतात ती याच माणसांच्या मजुरीला, जेवणाला आणि कपड्यांना. ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था २००३ पासून यावर लक्ष ठेवते : मजुरी ठरल्याप्रमाणे आणि वेळेत मिळते का, दिवसाला तीन जेवणे मिळतात का, झोपायला नीट तंबू आहे का, बक्षिसी ज्याची त्याच्या हातात पडते का. चढणाऱ्यांना तिचा सल्ला असा, की कंपनी निवडताना या गोष्टी विचाराव्यात. नेपाळमध्ये असेच काम १९९७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पोर्टर संरक्षण गटाने केले. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टवरील खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले, तेव्हा हा प्रश्न जगापुढे आला. डोंगरावर मरण पावलेल्या नेपाळी कामगारांच्या कुटुंबांना मदत करणारा ‘ज्युनिपर फंड’ त्याआधी दोन वर्षे सुरू झाला होता.

धर्मादाय चढाईत हा विसंवाद अधिक बोचतो. घरच्या गरिबांसाठी पैसे वाचवताना परक्या गरिबाची मजुरी कापली, तर कामाचा हिशेब उलटा होतो. उलट रास्त दर देणाऱ्या कंपनीमार्फत गेले, तर परवाना शुल्कातून उद्यानाचे आणि मजुरीतून पायथ्याच्या गावांचे चालते. यजमान देशाचा हा लाभ देणगीच्या आकड्यात कुठेच धरला जात नाही.

घराजवळचे डोंगर आणि त्यांवरचा भार

विमानाचा खर्च नको असेल तर चढाई देशातच करता येते. ब्रिटनमधले ‘थ्री पीक्स’ आव्हान याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. स्कॉटलंडचे बेन नेव्हिस (१,३४५ मीटर), इंग्लंडचे स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्सचे स्नोडन (१,०८५ मीटर) ही तीन शिखरे २४ तासांत करायची. पायी सुमारे ३७ किलोमीटर आणि मोटारीने साडेसातशेच्या आसपास. खर्च थोडा, म्हणून देणगीचा मोठा वाटा कामाला जातो.

याचा भार दुसरीकडे पडतो. वेळापत्रकच असे आहे, की संध्याकाळी बेन नेव्हिस उतरून निघालेल्या गाड्या स्कॅफेल पाइकच्या पायथ्याला, वॉस्डेल हेडच्या चिंचोळ्या दरीत, भल्या पहाटे पोचतात. मोजक्या घरांच्या त्या वस्तीत उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी रात्रभर दारे आपटतात, इंजिने घरघरतात आणि रस्त्याकडेला कचरा राहतो. वाटा झिजतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फिक्स द फेल्स’सारख्या उपक्रमाला स्वतंत्र निधी उभारावा लागतो. धुक्यात चुकलेल्या, थकलेल्या हौशी चढणाऱ्यांना शोधायला वॉस्डेलचे बचाव पथक अंथरुणातून उठून जाते. इंग्लंडमधली ही पथके स्वयंसेवकांची आहेत आणि तीही देणग्यांवरच चालतात. म्हणून तिथल्या निधिसंकलकांसाठी मार्गदर्शक संहिता तयार झाली : मोठे गट उन्हाळ्याच्या ऐन गर्दीत नेऊ नयेत, रात्री वस्तीतून शांतपणे जावे, बचाव पथकाला गृहीत धरू नये, आणि डोंगराच्या देखभालीसाठीही काही द्यावे.

काम जवळचे असण्याचा अर्थ

या सगळ्या उपक्रमांत यशस्वी ठरतात ते बहुधा चढणाऱ्याच्या आयुष्याशी जोडलेल्या कामाचे. अफगाणिस्तानात दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गमावलेले माजी गुरखा सैनिक हरी बुढा मगर १९ मे २०२३ रोजी एव्हरेस्टवर पोचले आणि त्यांनी माजी सैनिकांच्या संस्थांसाठी निधी मागितला. दोन्ही पाय नसलेल्यांच्या चढाईवर नेपाळने २०१७ मध्ये घातलेली बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने उठवली, तेव्हाच त्यांची वाट मोकळी झाली होती. अशा माणसाला कामाची ओळख करून द्यावी लागत नाही.

लहान प्रमाणावरही हेच घडते. आईवर जिथे उपचार झाले त्या रुग्णालयासाठी मुलगी चढते तेव्हा देणारे त्या आईला ओळखत असतात. त्याचा आणखी एक फायदा देखरेखीचा. काम जवळचे असेल तर पैसे पोचले की नाही, हे जाऊन पाहता येते : यंत्र आले का, वर्गखोलीवर छप्पर पडले का. दूरच्या कामात देणारा अहवालावर विसंबतो. जवळिकीची मर्यादाही आहे. ज्याची ओळख मोठी त्याला पैसे जास्त मिळतात, आणि ज्यांच्या आजाराला किंवा गरिबीला चांगली गोष्ट सांगणारा कोणी नाही, ते मागे पडतात. निधीची ही पद्धत गरजेच्या प्रमाणात पैसे वाटत नाही. म्हणून ती सरकारी तरतुदीला पर्याय होऊ शकत नाही.

विश्वास, कायदा आणि भारतातील स्थिती

डोंगराच्या गोष्टीवर विश्वास बसतो, आणि तो विश्वास मोडल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकन गिर्यारोहक ग्रेग मॉर्टेन्सन यांनी १९९३ मधल्या के-टूच्या अयशस्वी चढाईनंतर एका पाकिस्तानी गावात मिळालेल्या आश्रयाची कथा सांगितली. तिच्यावर आधारित ‘थ्री कप्स ऑफ टी’ हे पुस्तक जगभर खपले आणि शाळांसाठी त्यांच्या संस्थेकडे मोठा ओघ आला. २०११ मध्ये त्या कथेच्या खरेपणावर आणि पैशाच्या वापरावर प्रश्न उभे राहिले. २०१२ मध्ये मोंटाना राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीनंतर त्यांना सुमारे १० लाख डॉलर संस्थेला परत करावे लागले. कॅप्टन मूर यांनी जमवलेले मूळ पैसे योग्य ठिकाणी पोचले. पण त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या प्रतिष्ठानाच्या कारभारात कुटुंबीयांना खासगी लाभ झाल्याचा ठपका ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठेवला.

भारतात अशा निधीला काही ठळक नियम लागू पडतात. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला असतो आणि त्याला लेखापरीक्षित हिशेब सादर करावा लागतो. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी करसवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही. चढणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जमा केलेल्या पैशावर ती मिळण्याचा प्रश्नच येत नाही. परदेशातल्या परकीय नागरिकांकडून पैसे घ्यायचे तर संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चाबाबत केंद्र सरकारने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले, की मॅरेथॉनसारखा एकवेळचा कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाही. म्हणजे चढाई प्रायोजित करून कंपनी प्रसिद्धी मिळवू शकते, पण तो खर्च दायित्वाच्या रकान्यात घालणे कठीण.

भारतात कसोटीच्या निमित्ताने निधी उभारण्याची सवय लागली ती मुख्यतः धावण्यामुळे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी धावण्याची आणि देणग्या मिळवण्याची व्यवस्था रुळली. ऑक्सफॅमचा ‘ट्रेलवॉकर’ही मुंबई आणि बंगळूरु परिसरात भरवला गेला. डोंगर चढून निधी ही रीत त्या मानाने विखुरलेली राहिली. सह्याद्रीत तिचे जुने देशी रूप वेगळेच आहे : गडाच्या वाटेवरच्या वाडीतल्या शाळेसाठी वह्या, दप्तरे, पावसाळी कपडे गोळा करायचे आणि ट्रेकच्या वेळी स्वतः नेऊन द्यायचे. त्यात देणारा, नेणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर सर्वांत कमी असते.

खर्चाच्या दृष्टीने सह्याद्री सोयीचा आहे. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे, बारी गावातून एका दिवसात होते, आणि येण्याजाण्याचा खर्च एसटीच्या तिकिटाइतका. त्यामुळे देणगी जवळजवळ पूर्ण कामाला जाऊ शकते. ब्रिटनमधल्या दऱ्यांचा अनुभव मात्र येथेही लागू पडतो. कळसूबाईचा परिसर अभयारण्याचा आहे, पावसाळी शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात, आणि शेकडो जणांचा एखादा उपक्रम त्याच दिवशी नेला तर गर्दी, कचरा आणि अपघाताची शक्यता वाढते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचाव पथके स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. दोर, स्ट्रेचर, वाहन यांसाठी त्यांनाही देणगीदार शोधावे लागतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. प्रशिक्षित नेतृत्व, सुरक्षेची साधने आणि विमा यांबाबतची त्यातली अपेक्षा निधीसाठी मोठा गट डोंगरावर नेणाऱ्या आयोजकालाही विचारात घ्यावी लागते.

चांगल्या उपक्रमाची लक्षणे या अनुभवांतून बऱ्यापैकी ठरली आहेत. चढणारा आपला खर्च स्वतः करतो, किंवा देणगीतून किती जाणार हे पावतीच्या आधी सांगतो. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. कार्यक्रम शरीराला सवय होण्याइतका लांब असतो आणि शिखर न गाठताही देणगी कामाला पोचते. पोर्टरची मजुरी, वाटेची दुरुस्ती आणि बचाव पथक हे खर्चाच्या अंदाजपत्रकातच धरलेले असतात. आणि काही महिन्यांनी पैशाचे काय झाले याचा कागद, शिखरावरच्या फोटोइतक्याच तत्परतेने, प्रत्येक देणाऱ्याच्या हाती पडतो.